क्रुकेड आपल्या दोघींचा होता

सुमे,

आज तुझा दहावा झाला. निरवांगीहून आत्ताच घरी आले, साडीच्या काठाला नदीची वाळू अजून तशीच आहे. ती झटकायच्या आधी लिहायला बसले, कारण माझा राग एकदा थंड झाला की मला दोन ओळी लिहिता येत नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. हो, रागच. रडायचं ते मी रडेनच, त्याला आयुष्य पडलंय. आज मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तुझ्या दहाव्याला बायकांच्या वतीनं शीतल बोलली. मी नाही, शीतल!

आपल्याकडे दहाव्याची काय तऱ्हा झाली आहे, त्यावर तू माझ्या कानाशी किती बडबडली आहेस. नदीकाठी मांडव, खुर्च्या, स्पीकर. आधी महाराजांचं प्रवचन, मग ओळीनं श्रद्धांजल्या. सरपंच बोलणार, कारखान्याचं कुणीतरी बोलणार, एखादे साहेब गाडीतून उतरून बोलणार आणि पुन्हा गाडीत बसणार. शेवटी माइकवाला म्हणणार, "आता महिलांच्या वतीनं..." महिलांच्या वतीनं म्हणजे एक बाई. मांडवात कितीही बायका डोळे पुसत असोत, बोलायला एक. तू म्हणायचीस, "नजे, मी मेले तर माइकची वायर काढून टाक. न्हायतर ज्यानं मला कधी बघितलं न्हाय त्योच म्हनंल, आदर्श शिक्षिका हरपली." अगदी तसंच झालं बघ. वर साहेब तुला सुनंदाताई म्हणाले. कुणी दुरुस्तही करेना. मी मागून ओरडले, "सुमन!" तर पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. त्यांना वाटलं, मला हुंदका आवरला नाही.

मी तयारी करून गेले होते. काय बोलायचं ते मनात घोळवत, पदर सावरून, कडेच्या खुर्चीवर बसले होते, म्हणजे उठताना कुणाच्या पायावर पाय नको. लासुर्ण्याच्या शाळेत एका टेबलाच्या दोन बाजूंना आपली सगळी नोकरी गेली. अ तुकडीचं इंग्रजी तुझं, ब तुकडीचं माझं. मग माझ्याशिवाय कोण बोलणार? आणि तुझा भाऊ, तो भाऊसाहेब, उठला, माइकवाल्याच्या कानाशी गेला आणि नाव पुकारलं गेलं ते त्या पोरीचं. तुझ्याच वर्गात शिकलेली, बारामतीला कॉलेज करून आपल्याच शाळेत परत आलेली, आपल्या शेजारच्या टेबलावर बसून तुझ्या डब्यातली चटणी खाणारी. मी कडेच्या खुर्चीवर बसले तशीच बसून राहिले.

तसं बघायला गेलं तर माझं पित्त तू गेलीस त्याच दिवशी खवळलं होतं. भाऊसाहेबानं पहिला फोन तिला केला. मला शाळेत कळलं, तेही शिपायाकडून. धावत तुझ्या घरी आले, तुला बघितलं, त्याबद्दल आज लिहीत नाही. तुला पोचवून माणसं परत यायच्या सुमारास मी घरी जाऊन भाकरी थापायला बसले. ज्या घरातलं माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, पहिला घास जवळच्यानं न्यायचा, कडू घास म्हणतात तुमच्यात. पिठलं आणि भाकरी, बाकी काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "नजमा, त्यांचं पावनं आणतील की. तू कशाला?" मी म्हटलं, "मी पावनी न्हाय." त्या तव्याजवळ बसून भाकरी उलटू लागल्या.

फडक्यात भाकरी बांधून, पिठल्याचं पातेलं मांडीवर धरून, ह्यांच्या मोटारसायकलवर तुझ्या दारात उतरले. आत शीतल वाढत होती. सुमे, तिनं पळी कुठं असते हे विचारलं नाही. मीठ कमी पडलं तेव्हा ती सरळ फळीकडे गेली आणि चहाच्या जुन्या डब्यातून मीठ काढलं. तुझ्या घरी मीठ चहाच्या डब्यात असतं, हे जगात मला एकटीला माहीत आहे असं मी धरून चालले होते. भाऊसाहेब म्हणाला, "नजमाक्का, ठेवा तितं. शीतलनं आणलंय, आमी खाल्लं." बरोबरच होतं त्याचं, भुकेल्या माणसानं काय कुणाची वाट बघायची? पण फडक्याची गाठ कुणी सोडली नाही. संध्याकाळी त्या भाकरी मी परत घेऊन आले आणि माझ्या मीच खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "जळतीस का गं नजे?" शीतल नवी नवी आली आणि तुला स्कूटीवरून घरी सोडायला लागली, तेव्हा तू असंच विचारलं होतंस. मागं बसून तुझा तो वाकडा हात तू तिच्या कमरेभोवती टाकायचीस. मी फाटकाशी उभी राहून बघायचे. मी म्हटलं, "व्हय, जळते." तू म्हणालीस, "जळ. थंडीचं दिस हायत." एवढं बोलून गेलीस तिच्या मागं बसून, वर हात हलवत.

आता मुद्द्यावर येते. आज माइकवर त्या पोरीनं काय सांगावं? क्रुकेड!

क्रुकेड आपल्या दोघींचा होता, सुमे. तो आपल्यात कसा आला ते तरी तुझ्या लक्षात आहे का? नववीच्या पुस्तकात एका धड्यात वाकडी गल्ली होती आणि दुसऱ्या धड्यात लबाड व्यापारी, आणि दोघांना विशेषण एकच, क्रुकेड. मुलांनी गाइड उघडलं, तर एका जागी वाकडा आणि दुसऱ्या जागी अप्रामाणिक. माझ्या वर्गात कुणाला काही वाटलं नाही, त्यांनी दोन्ही अर्थ पाठ करून टाकले. तू मात्र तास संपवून आलीस, तांब्याभर पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "नजे, आज पोरांनी आदी गाइड बघितलं, मग माझा हात बघितला. आन् हसली."

तुझा उजवा हात कोपरापासून बाहेरच्या अंगाला गेलेला. फळ्यावर लिहायचीस तर ओळ चढत चढत वर जायची आणि शेवटचा शब्द चौकटीला टेकायचा. त्या हाताची गोष्ट मला तू सांगितली होतीस, अगदी सुरुवातीला, शाळेच्या सहलीत. लहान असताना वडलांबरोबर, आबांबरोबर, मेंढरं घेऊन सुप्याच्या माळाकडं निघाला होता तुम्ही. बाभळीवर चढून पाला पाडताना तू पडलीस. मेंढराचा मोडका पाय बांधण्यात आबांचा हात धरणारा तुमच्या वाड्यांवर कुणी नव्हता, म्हणून त्यांनी तुझाही हात तसाच बांधला, बांबूच्या कामट्या लावून, लोकरीच्या दोरीनं. बांधला होता उत्तमच. पण मेंढरू मोडका पाय उचलून धरतं, तीन पायांवर चालतं. दुसऱ्या दिवशी कळप हलला, तेव्हा तू त्याच हातावर एक नवं कोकरू घेतलंस, कारण त्याची आई मागं राहत होती. त्या हाताला दम खाऊ द्यायचा असतो हे आबांच्या ध्यानात आलं नाही. मेंढराला ते सांगावं लागत नाही ना! कामट्या सोडल्या तेव्हा हात तसाच जुळून बसला होता. आबा अजून म्हणतात, "एवढ्या मेंढरांचं पाय सरळ झालं," आणि पुढं बोलत नाहीत.

मुलं हसली त्याच्या पुढच्या रविवारी आपण एसटीनं बारामतीला गेलो. माझ्या ओळखीनं कॉलेजच्या लायब्ररीत बसायला मिळालं आणि तो शब्दकोश काढला, दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून टेबलावर ठेवावा लागला असा. तू बोट ठेवत होतीस, मी वाचत होते. उत्तरेच्या समुद्रावरून इंग्रजांच्या मुलखात उतरलेल्या लोकांनी हा शब्द बरोबर आणला. मुळात अर्थ नुसता आकडा. मग टोकाला आकडा असलेली मेंढपाळाची काठी. मग जे जे वळलेलं ते सगळं. आणि मग, फार वेळ न घालवता, वळलेलं मन. चोराला क्रुक म्हणायला लागले ते मात्र फार उशिरा, अमेरिकेत. मेंढपाळाच्या काठीशी आलो आणि मी लायब्ररीत असल्याचं विसरून ओरडले, "सुमे, आबांची आकडी!" लांब बांबू, टोकाला लोखंडी आकडा, बाभळीची फांदी ओढून खाली आणायची आणि शेरडांना पाला द्यायचा. तुमच्या ओसरीत आडव्या वाशाला अडकवलेली मी रोज बघायचे. लायब्ररीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. तू तोंडाला पदर लावून हसत होतीस.

त्याच कुळातला आणखी एक शब्द निघाला, एनक्रोचमेंट. आकडा टाकून दुसऱ्याचं आपल्याकडे ओढणं. इंदापुरात माझ्या अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानाच्या पायऱ्या अतिक्रमण म्हणून फोडल्या होत्या, त्याला फार दिवस झाले नव्हते. घरात त्याचं नाव काढायची चोरी होती. तू मात्र म्हणालीस, "नजे, तुझ्या अब्बाच्या पायऱ्या आन् माझ्या आबाची आकडी, एकाच आईची लेकरं की गं!" पायऱ्या फुटल्यापासून त्या विषयावर मी पहिल्यांदा हसले ते तिथं. इंदापूरला गेल्यावर अब्बांना सांगितलं, तर तेही हसले.

भांडण लागलं ते स्टँडवर, भेळ खाताना. मी खुशीत होते. मी म्हटलं, "बघ, मूळचा शब्द कामाचा हाय. आकडी वाकडी हाय म्हणून तर फांदी खाली येते. सरळ काठीनं शेळीला पाला मिळंल व्हय? लबाडीचा अर्थ मागनं चिकटवला कुणीतरी. माणूस ओळखायचा कंटाळा आला की लोक त्याची हाडं बघतात." हे शेवटचं वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं. मला वाटलं, तुझ्या मनावरचं ओझं आता उतरेल.

तू भेळेचा कागद चुरगाळलास. "चिकटवला न्हाय. फार आदीपास्नं हाय त्यो अर्थ, तूच आत्ता वाचलास. मला बघायला पावनं आलं व्हतं, त्यांनी हात बघितला आन् आईला इचारलं, आनखी काय लपवलंय? त्यांनी काय डिक्शनरी वाचली व्हती? लोकाच्या मनात ह्ये दोन अर्थ एकाच खुटीला टांगल्यालं असत्यात. शब्द खोटं बोलत न्हाय नजे. तू मला गोड बोलून गप करतीस."

"मी गोड बोलत न्हाय. मी खरं बोलते."

"मराठीत तरी येगळं काय हाय? वाकडं पाऊल, वाकडी नजर, वाकड्यात शिरनं. एक वाकडं चांगलं दाखव मला. एक."

"सरळ बोटानं तूप निघत न्हाय."

"ती तर लबाडीचीच म्हन हाय!"

खरंच की. मी एसटीत बसेपर्यंत डोकं खाजवत होते. गाडी भवानीनगरच्या अलीकडे आली आणि मला सापडलं. मी तुझ्या कानात म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. त्यात अंगणाची काय चूक हाय? नाचणारीच खोटी!" तू खिडकीतून बाहेर बघत राहिलीस. लासुर्ण्याला मी जिंकल्याच्या तोऱ्यात उतरले, घरी जाऊन शेवया केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत, डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि तू पुटपुटलीस, "अंगनाची चूक न्हाय. पन बदनाम कोन झालं? अंगनच."



मग दरसाल नववीला तो धडा आला की आपलं भांडण उकरून निघायचं. पुस्तकं बदलली, धडे गेले, तरी आपण ते सोडलं नाही. स्टाफरूममधले बाकीचे कंटाळून मैदानात जायचे. मुख्याध्यापक म्हणायचे, या दोघींचं पुन्हा वाकडं आलं. मी दरवेळी नवं काही काढायचे, तू दरवेळी मोडायचीस, आणि मोडून झालं की माझ्या डब्यातली भाकरी घ्यायचीस. एकदाही म्हणाली नाहीस, नजे, तुझं पटलं. एकदाही नाही! घरात मी कुणाशी असं भांडले नाही सुमे. ह्यांच्याशी भांडण म्हणजे दूध का उतू गेलं, लाइट का चालू राहिला. ज्यात जीव ओतावा असं भांडण मला तुझ्याशीच मिळालं, आणि म्हणून ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, तूही सांगितलं नसशील.

शेवटच्या दिवशी तू पर्स खांद्याला लावता लावता काय म्हणालीस? "नजे, त्या अंगनाचं मला एक सुचलंय. उद्या सांगते." मी म्हटलं, आत्ता सांग. बाहेर स्कूटीचा हॉर्न वाजला. तू म्हणालीस, "उद्या," आणि गेलीस. रात्री झोपलीस ती उठलीच नाहीस. दहा दिवस मी त्या एका वाक्याभोवती फिरते आहे. तुझ्या जाण्याइतकंच मला ते लागलं, हे लिहायला लाज वाटत नाही. आणि त्याच्या खाली दुसरा किडा वळवळत होता, की तू त्या पोरीच्या मागं बसून घरी गेलीस, तेव्हा वाटेत ते तिला सांगितलं असशील. माझं उत्तर तिला मिळालं असेल. म्हणून आज ती माइकशी उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या ताईंचा हात वाकडा होता," तेव्हा मी मनात म्हटलं, आता सगळ्या गावासमोर हे स्पीकरवरून ऐकायचं.

ती म्हणाली, "नववीत असताना आम्ही ताईंच्या हाताला हसलो. ताईंनी फळ्यावर क्रुकेड लिहिलं. म्हणाल्या, हा शब्द माझ्या आबांच्या आकडीचा आहे. आकडी वाकडी आहे म्हणून फांदी खाली येते. लबाडीचा अर्थ मागनं चिकटवलाय. माणूस ओळखायचा कंटाळा आला की लोक त्याची हाडं बघतात."

आबा पहिल्या ओळीत पटका बांधून बसले होते, इतका वेळ मान खाली. त्यांनी मान वर केली आणि त्या पोरीकडे बघितलं. मग दोन्ही तळवे तोंडावर घेतले. भाऊसाहेबानं त्यांना धरलं. शीतलला पुढं बोलवेना, ती तशीच खाली उतरली.

आणि मी? मी संतापले होते. माझं वाक्य! बारामतीच्या स्टँडवर, भेळेचा घास तोंडात असताना मी बोललेलं, अक्षर न अक्षर. तू ते माझ्यासमोर पायदळी तुडवलंस, दरसाल तुडवलंस, आणि तिकडे वर्गात जाऊन तुझं म्हणून सांगितलंस? आबांच्या कानावर ते पडलं, आणि पडलं ते तिच्या तोंडून?

जेवणं सुरू झाली तेव्हा मी तिला पाण्याच्या टँकरपाशी गाठलं. ती तोंड धूत होती. मी म्हटलं, "शीतल, ते वाक्य माझं हाय."

"माहिती आहे मॅडम," ती म्हणाली.

"काय माहिती हाय?"

"ताईंनी वर्गातच सांगितलं होतं. हे माझं न्हाय, ब तुकडीच्या तांबोळीबाईंचं हाय, त्यांच्याइतकं सरळ मानूस मी बघितलं न्हाय. आम्ही मुली मधल्या सुट्टीत तुम्हाला बघायला आलो होतो खिडकीतून. तुम्ही कुणालातरी ओरडत होता."

"मग माइकवर का न्हाय सांगितलंस?"

"सांगणार होते ना! आबांकडं नजर गेली, मग आवाजच निघेना."

मला तिच्यावर चिडताही येईना. नळ तसाच वाहत होता, तो मी बंद केला. मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "शेवटच्या दिवशी गाडीवर ती काही म्हणाली का? अंगणाचं?"

शीतलनं ओल्या हातांनी चेहरा पुसला आणि ती चक्क हसली. "म्हणाल्या. नजमाला ठोकून दिलंय की मला सुचलंय म्हणून. सुचलं काय बी न्हाय. उद्यापातूर कायतरी शोधाय पायजे, न्हायतर तिचंच बरुबर हाय म्हनावं लागंल."

"मग म्हणायचं होतं की!"

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाल्या, म्हनलं तर ती गप बसंल. ती गप बसली की मी शाळंत कशाला जाऊ?"

टँकरपाशी गर्दी झाली, बायका ताटं घेऊन आल्या. शीतलनं मला हाताला धरून जेवायला नेलं आणि मी गेले. माझ्या ताटात भाकरी तिनंच वाढली. मीठ कमी लागलं, तरी तिच्याकडं मी मागितलं नाही.

तर असं आहे सुमे. माझं बरोबर होतं. नववीच्या मुलांना तू ते सांगितलंस, माझं नाव घेऊन. स्कूटीवर मागं बसून त्या पोरीला सांगितलंस. आज स्पीकरवरून सगळ्या निरवांगीला ऐकू गेलं, नदीपलीकडेही गेलं असेल. एक मला सोडून अख्ख्या तालुक्याला तू सांगत होतीस की नजमाचं बरोबर आहे, आणि मी मूर्ख, दरवर्षी नवी म्हण शोधून आणत होते, तुला पटावं म्हणून.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, तुझं समाधान झालं. आता त्या लेकरावर राग धरू नको." कसलं समाधान? राग गेला, पण जळणं आहे तसंच आहे, उलट वाढलंय. माझं म्हणणं तुझ्या तोंडून कसं ऐकू येतं, ते त्या पोरीला माहीत आहे. मला नाही.